दसऱ्याच्या पानातली उजवी बाजू: श्रावण घेवड्याची सोपी सुकी भाजी

सणाच्या स्वयंपाकात सर्वांत कमी विचार होतो तो सुक्या भाजीचा. पुरणाची काळजी आदल्या दिवसापासून वाहिली जाते, कटाची आमटी पुरणाच्या मागोमाग आपोआप येते, तळणाशी घरातले कोणी ना कोणी हौसेने उभे राहते. भाजी मात्र शेवटच्या अर्ध्या तासात, मोकळ्या सापडलेल्या शेगडीवर, उरल्यासुरल्या लक्षाने उरकली जाते आणि पानात वाढल्यावर तशीच दिसते. वास्तविक पुरणपोळीच्या जेवणात या भाजीचे काम मोठे असते. गोडाचे दोन-तीन घास झाले की जीभ काहीतरी खारट, किंचित तिखट आणि दाताखाली लागणारे मागते. आमटी तिखट असली तरी पातळ असते, भजी कुरकुरीत असली तरी तेलकट असतात. ती मागणी पुरी होते ती पानाच्या उजव्या बाजूला वाढलेल्या सुक्या भाजीने. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या ही आपल्या पानाची मांडणी आहे. डावीकडचे पदार्थ बोटाने चाटून खायचे असतात, उजवीकडचे घासाघासाला.

कोल्हापुरात या भाजीची आणखी एक अडचण आहे आणि ती वेळेची आहे. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी अंबाबाईची पालखी दसरा चौकात येते, छत्रपती घराण्यातील मंडळी येतात, शमीपूजन होते आणि सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे सहा-सव्वासहाच्या आसपास, आपट्याचे सोने लुटले जाते. ज्यांना हा सोहळा पाहायचा असतो ते चार-साडेचारलाच घर सोडतात. परत येताना रस्ते तुडुंब भरलेले असतात, वाटेत दोन-चार घरी सोने द्यायला थांबावे लागते आणि घरी पाय ठेवावा तर आपल्याकडे सोने द्यायला आलेली मंडळी दारातच भेटतात. बऱ्याच घरी पुरणपोळीचे जेवण दुपारी होते. आमच्याकडे मात्र सगळे भाऊबंद रात्रीच एकत्र येतात, त्यामुळे मुख्य पंगत साडेआठच्या पुढे बसते. त्या वेळी भाजी चिरायला बसणे शक्य नसते आणि दुपारीच करून ठेवलेली भाजी रात्री खाण्यासारखी राहत नाही.

यावरचा उपाय म्हणजे अर्धी दुपारी आणि अर्धी रात्री होणारी भाजी. श्रावण घेवडा या कामाला मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो पाणी सोडत नाही, त्याची साल काढावी लागत नाही, दुपारी उकडून ठेवला तर रात्री दहा मिनिटांत फोडणीला टाकता येतो आणि नैवेद्याला चालेल अशा कांदा-लसणाविना केलेल्या भाजीतही चवीला उणा पडत नाही. नऊ दिवसांचे उपवास करून उठलेल्या माणसांच्या पोटालाही तो जड होत नाही. पुढे दिलेले सर्व प्रमाण आठ माणसांसाठी आहे.

बाजारातून घेवडा निवडताना

पहिला घोळ नावाचा होतो. नुसता घेवडा मागितला तर चपट्या, रुंद शेंगांचा वालघेवडाही पुढे येऊ शकतो. आपल्याला हवा आहे तो बारीक, गोलसर, साधारण वीतभर लांबीच्या शेंगांचा श्रावण घेवडा. मुंबईकडे यालाच फरसबी म्हणतात आणि हल्ली आपल्याकडेही अनेक जण नुसते बीन्स म्हणतात. हा आणि राजमा एकाच जातीचे. शेंग कोवळी असताना खाल्ली तर श्रावण घेवडा आणि दाणे वाळवून खाल्ले तर राजमा, एवढाच व्यवहारातला फरक. साताऱ्याकडच्या कोरेगाव भागातला प्रसिद्ध वाघ्या घेवडा म्हणजेही याच कुळातले, वाघाच्या अंगासारख्या रेघा असलेले दाणे. हे नाते मी मुद्दाम सांगत आहे, कारण राजमा कच्चा खाऊ नये हे जसे सर्वांना माहीत असते, तसे कच्चा घेवडाही खाऊ नये हे फार थोड्यांना माहीत असते. त्यात पोट बिघडवणारे एक प्रथिन असते आणि ते नीट उकळल्यानेच निकामी होते. कोशिंबिरीत कच्चा घेवडा चिरून घालण्याची पद्धत त्यामुळे योग्य नाही.

आठ जणांसाठी 750 ग्रॅम घेवडा पुरतो. देठ, टोके आणि शिरा गेल्यावर तो पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास उरतो. एरवीच्या जेवणात एवढा कमी पडेल, पण पुरणपोळीबरोबर माणसी दोन डावांपेक्षा अधिक सुकी भाजी जात नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

शेंग कोवळी आहे की नाही हे ओळखण्यासाठी ती मध्यावर वाकवून पाहावी. कोवळी शेंग टच्‌ असा आवाज करून मोडते आणि मोडलेल्या जागी ओलावा दिसतो. शिळी शेंग वाकते पण मोडत नाही. शेंगेवरून दाण्यांचे उंचवटे स्पष्ट दिसत असतील तर ती जून झाली आहे, तिची शीर दोऱ्यासारखी निघेल आणि कितीही शिजवली तरी चोथा तोंडात राहील. काळे डाग किंवा चिकटपणा असलेल्या शेंगा बाजूला ठेवाव्यात. जाडीला शक्यतो एकसारख्या शेंगा घ्याव्यात, कारण एका पातेल्यात जाड आणि बारीक शेंगा एकत्र उकडल्या की अर्ध्या गळतात आणि अर्ध्या कच्च्या राहतात.

कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत दसऱ्याच्या सकाळी जाऊन अशी निवडानिवड करणे जवळजवळ अशक्य असते. झेंडू, आपट्याची पाने आणि ऊस यांच्या गर्दीत भाजीवाल्या मावशी शेंगा मोडून पाहू देतील अशी अपेक्षाही धरू नये. घेवडा दोन दिवस आधी, शक्यतो सकाळी आणावा. आणल्यावर तो धुऊ नये. ओली शेंग पिशवीत लवकर बुळबुळीत होते. कोरड्या सुती पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात ठेवल्यास दोन-तीन दिवस तो चांगला राहतो. वरच्या, अधिक थंड कप्प्यात ठेवल्यास शेंगांवर खोलगट डाग पडण्याची शक्यता असते.

बाकीचे साहित्य बहुधा घरातच असते. शेंगतेल 3 मोठे चमचे, मोहरी आणि जिरे प्रत्येकी 1 लहान चमचा, हिंग पाव लहान चमचा, हळद अर्धा लहान चमचा, हिरव्या मिरच्या 3 किंवा 4, कढीपत्त्याची 10-12 पाने, खवलेले ओले खोबरे 1 वाटी, भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट 3 मोठे चमचे, बारीक चिरलेला गूळ 1 लहान चमचा, अर्धे लिंबू, मूठभर कोथिंबीर आणि मीठ. घरातल्या तिखट खाणाऱ्यांसाठी दुसरा हप्ता काढायचा असेल तर 1 मध्यम कांदा, लसणाच्या 5-6 पाकळ्या आणि 1 लहान चमचा कांदा-लसूण चटणी वेगळी ठेवावी. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगितले पाहिजे की, आपल्याकडे नुसते चटणी म्हटले की उन्हाळ्यात वर्षाची म्हणून कांडून ठेवलेली ही लाल चटणीच समजली जाते. डावीकडे वाढायची ओली चटणी ती वेगळी.

आदल्या रात्री: शिरा आणि चिरणे

नवमीच्या रात्री, घरातली मंडळी दूरदर्शनसमोर बसलेली असताना, घेवडा मोडायला घ्यावा. देठाकडचे टोक मोडून ते शेंगेच्या कडेने खाली ओढावे, म्हणजे शीर असेल तर ती त्याबरोबर निघून येते. मग दुसऱ्या टोकाकडून दुसऱ्या कडेची शीर तशीच काढावी. हल्लीच्या पुष्कळ वाणांना शीर जवळजवळ नसतेच, तरीही प्रत्येक शेंग हाताखालून गेली पाहिजे, कारण सणाच्या पंगतीत पाहुण्याला तोंडातून दोरा काढावा लागणे फार वाईट दिसते. हे काम मुलांनाही देता येते आणि त्यात ती रमतात.

चिरणे मात्र मी दसऱ्याच्या सकाळी करते. चिरलेल्या कडा रात्रभरात सुकतात आणि तपकिरी पडतात. ज्यांना सकाळी वेळच नसेल त्यांनी रात्री चिरून, कोरड्या फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही; रंगात थोडा फरक पडेल, चवीत नाही. चिरण्याआधी शेंगा भरपूर पाण्यात दोनदा धुऊन रोवळीत निथळाव्यात. चिरल्यावर धुतल्यास चव पाण्याबरोबर जाते.

तुकडे कसे करावेत याबद्दल घराघरांत मतभेद आहेत. विळीवर अगदी बारीक, मोहरीपेक्षा जरा मोठा घेवडा चिरणाऱ्या सुगरणी मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या हाताचे मला कौतुक आहे. पण दुपारी उकडून रात्री फोडणी देण्याच्या या पद्धतीत इतका बारीक घेवडा टिकत नाही, त्याचा लगदा होतो. दोन सेंटिमीटरचे, म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षा थोडे लहान, तिरके तुकडे करावेत. तिरके चिरल्याने कापलेला भाग मोठा होतो, त्याला खोबरे आणि कूट चांगले धरते आणि पानातही ते देखणे दिसते.

दुपारी: उकडणे, आणि हिरवेपणाचा प्रश्न

या भाजीचे सगळे यश या टप्प्यात आहे, म्हणून येथे जरा थांबून सांगते.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या दसऱ्याला मी घेवड्याची भाजी दुपारीच पूर्ण केली, वरून लिंबू पिळले, गार होऊ नये म्हणून घट्ट झाकण घातले आणि निर्धास्त मनाने दसरा चौकात गेले. रात्री झाकण काढले तेव्हा कढईत शेवाळलेल्या पाण्याच्या रंगाचे काहीतरी होते. सासूबाईंनी कढईत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "झाकान मारून, वर लिंबू पिळून ठिवलंस, मग हिरवं कुठनं ऱ्हायचं?" त्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते, पण निदान अचूक होते.

हिरव्या भाजीचा रंग हरितद्रव्यामुळे असतो आणि त्या द्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की हा अणू निसटतो आणि रंग हिरव्याचा मळकट पिवळसर तपकिरी होतो. आंबटपणा केवळ लिंबातूनच येतो असे नाही. भाजीच्या पेशींमध्ये स्वतःची आम्ले असतात, ती शिजताना बाहेर पडतात आणि त्यांतली काही वाफेबरोबर उडून जातात. झाकण घातले तर तीच वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने पुन्हा भाजीवर पडते. म्हणून हिरवी भाजी उघड्या पातेल्यात, भरपूर पाण्यात आणि थोडाच वेळ उकडायची असते. पाणी भरपूर असले की आम्ले त्यात विरळ होतात. शिवाय शेंगा टाकल्यावर उकळी फार वेळ थांबत नाही, त्यामुळे शिजण्याचा एकूण काळ कमी होतो.

काही जण उकळत्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. सोड्याने रंग खरोखरच गडद हिरवा होतो, पण शेंगेच्या पेशींच्या भिंती विरघळू लागतात, घेवडा बाहेरून गिळगिळीत होतो, त्यातले ब-1 जीवनसत्त्व नष्ट होते आणि जास्त झाला तर साबणासारखी चव येते. उकडण्याची रीत नीट सांभाळली तर सोड्याची गरजच पडत नाही.

मोठ्या पातेल्यात 3 लिटर पाणी आणि 2 सपाट मोठे चमचे मीठ घालून ते खळखळून उकळू द्यावे. मीठ पुष्कळ वाटेल, पण त्यातले बहुतेक पाण्याबरोबर निघून जाते आणि शेंगेला आतपर्यंत चव येते. पाणी नुसते गरम असताना घेवडा टाकण्याची घाई करू नये. साठ अंशांच्या आसपासच्या कोमट-गरम पाण्यात शेंगा बराच वेळ राहिल्या तर त्यांच्या भिंती उलट घट्ट होतात आणि मग उकळूनही मऊ होत नाहीत. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते त्यांनाही घेवडा शिजायला जास्त वेळ लागल्याचे दिसेल. त्यांनी या एका कामासाठी पिण्याचे पाणी वापरावे.

उकळी फुटल्यावर निम्मा घेवडा पाण्यात सोडावा, झाकण घालू नये आणि पुन्हा उकळी आल्यापासून 4 ते 5 मिनिटे मोजावीत. चौथ्या मिनिटाला एक तुकडा काढून, गार करून चावून पाहावा. दाताखाली करकर वाजत असेल तर तो कच्चा आहे. चावताना किंचित प्रतिकार जाणवला पण आवाज आला नाही तर तो तयार आहे. पूर्ण मऊ होण्याची वाट पाहू नये, कारण रात्री कढईत तो आणखी तीन-चार मिनिटे राहणार आहे. झाऱ्याने काढून घेवडा लगेच भरपूर गार पाण्यात टाकावा; बर्फ असेल तर उत्तम, नसेल तर माठातले किंवा फ्रिजमधले पाणी चालते. असे केले नाही तर शेंगा काढल्यानंतरही स्वतःच्या उष्णतेवर शिजत राहतात आणि सगळे मोजमाप वाया जाते. त्याच उकळत्या पाण्यात दुसरा हप्ता उकडून घ्यावा.

दोन मिनिटांत पूर्ण गार झाल्यावर घेवडा पाण्यातून काढावा. तसाच ठेवला तर त्याची चव पाण्यात उतरते. रोवळीत निथळून, मग स्वच्छ कोरड्या पंचावर पसरून वरून हलक्या हाताने टिपून घ्यावा. ओला घेवडा रात्री फोडणीत पडला की तेल उडते आणि भाजी परतली जाण्याऐवजी पुन्हा उकडली जाते. कोरडा झालेला घेवडा डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. दसऱ्याच्या सुमारास दुपारचे ऊन चांगलेच तापलेले असते, आणि उकडलेली भाजी ओट्यावर चार-पाच तास ठेवून सोने लुटायला जाणे धोक्याचे आहे.

निघण्यापूर्वी आणखी तीन कामे उरकून ठेवली की रात्री काही शोधावे लागत नाही. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले पाखडून, खलबत्त्यात जाडसर कुटून ठेवावेत. मिक्सरमध्ये फिरवायचेच असतील तर थांबून-थांबून फिरवावेत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. मिरच्या उभ्या चिरून ठेवाव्यात. नारळ खवून खोबरे बंद डब्यात, घेवड्याच्या शेजारीच थंड जागी ठेवावे, कारण या सगळ्या साहित्यात ओले खोबरे सर्वांत आधी आंबते.

रात्री: दहा मिनिटांची फोडणी

घेवडा घरी परतल्याबरोबर फ्रिजमधून बाहेर काढून ठेवावा. सोने देणे-घेणे, थोरांच्या पाया पडणे, पाहुण्यांना पाणी देणे यांत पंधरा-वीस मिनिटे जातातच. तेवढ्यात त्याचा गारठा जातो. पाने मांडायला सुरुवात झाली की कढई चढवावी.

कढई रुंद तोंडाची लोखंडी किंवा जाड बुडाची घ्यावी. बिनकल्हईचे पितळी पातेले शोभेला कितीही चांगले दिसले तरी ज्या भाजीवर लिंबू पिळायचे आहे तिच्यासाठी ते वापरू नये. तेल चांगले तापल्यावर मोहरी टाकावी आणि ती पूर्ण तडतडेपर्यंत दुसरे काही घालू नये. न तडतडलेली मोहरी कडू लागते आणि एवढ्या साध्या भाजीत तो कडूपणा लपवायला काही नसते. मोहरीचा आवाज ओसरला की आच कमी करून जिरे, त्यामागोमाग हिंग, मिरच्या आणि कढीपत्ता घालावा. हळद सर्वांत शेवटी, कारण ती क्षणात करपते. हळद अर्ध्या चमच्यापेक्षा अधिक घालू नये. इतका जपलेला हिरवा रंग हळदीने पिवळा करण्यात काही अर्थ नाही.

हळद घातल्याबरोबर घेवडा टाकावा, आच मोठी करावी आणि उलथन्याने खालून वर असा सारखा परतावा. दोन मिनिटांत शेंगा तेलाने चकाकू लागतात आणि एखाद्या ठिकाणी त्यांच्या सालीवर बारीक सुरकुती दिसते. या वेळी गूळ आणि अगदी थोडे मीठ घालावे. मीठ घालण्यापूर्वी एक शेंग चाखून पाहणे मी सक्तीचे मानते, कारण उकडतानाचे मीठ किती लागले आहे हे डोळ्यांना कळत नाही. गूळ भाजी गोड करण्यासाठी नसून मिरचीची धार बोथट करण्यासाठी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ घरात असताना साखर घालणे मला पटत नाही, पण साखर घातली म्हणून भाजी बिघडत नाही.

एक मिनिट परतून दाण्याचे कूट घालावे. ते उरलेला ओलावा शोषून घेते आणि भाजी कोरडी, सुटसुटीत होते. मग आच बंद करून खोबरे आणि कोथिंबीर मिसळावी. खोबरे आचेवर परतले तर त्याला तेल सुटते आणि त्याचा पांढरेपणा जातो. लिंबू पिळायचे ते भाजी वाढण्याच्या आधी एक मिनिट, कढई शेगडीवरून उतरवल्यानंतर. त्याहून चांगले म्हणजे ते पिळूच नये, पानात डावीकडे लिंबाची फोड वाढलेली असतेच, ज्याला हवे तो पिळून घेईल. भाजीवर झाकण घालू नये. माशांची भीती वाटत असेल तर जाळी ठेवावी.

नैवेद्याचे ताट प्रथम वाढून घ्यावे. त्यानंतर ज्यांना कांदा-लसूण चालतो अशांसाठी निम्मी भाजी बाजूला काढावी. लहान कढईत एक मोठा चमचा तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण तांबूस होऊ द्यावा, बारीक चिरलेला कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा, आच अगदी मंद करून एक लहान चमचा चटणी घालावी आणि ती जळण्यापूर्वी, म्हणजे मनात पाच आकडे मोजून होताच, ही फोडणी बाजूला काढलेल्या भाजीवर ओतून मिसळावी. चटणी थेट कडकडीत तेलात पडली तर काळी पडते आणि घरभर ठसका उठतो, आणि सोने द्यायला आलेला पाहुणा डोळे पुसत बाहेर जातो. एकाच घेवड्यातून दोन चवी निघाल्याने सोवळ्यातले आणि तिखटातले असे दोन्ही गट खूश राहतात. मला स्वतःला पुरणपोळीबरोबर पहिलीच, सौम्य भाजी आवडते. पण माझ्या घरात माझे मत अल्पमतात आहे.

पंगत मोठी असेल तर

वीस-पंचवीस माणसांसाठी सव्वादोन किलो घेवडा घ्यावा, पण सगळ्याच प्रमाणांना तिपटीने गुणू नये. तेल दुपटीपेक्षा किंचित जास्त पुरते, मोहरी आणि हिंग दुपटीवर थांबवावेत, मिरच्या सात-आठच्या पुढे नेऊ नयेत. खोबरे आणि कूट मात्र खरोखर तिप्पट लागते. उकडणे पाच-सहा हप्त्यांत करावे आणि गार पाणी दर दोन हप्त्यांनी बदलावे, कारण ते लवकर कोमट होते. फोडणी देताना कढई निम्म्याहून अधिक भरली तर खालचा घेवडा शिजत राहतो आणि वरचा गारच राहतो, म्हणून दोन कढयांत किंवा दोनदा फोडणी द्यावी. वाढायला उशीर होणार असेल तर फोडणीच उशिरा द्यावी. भाजी पुन्हा पुन्हा गरम करत राहू नये.

घेवडा मनासारखा मिळाला नाही तर याच रीतीने फ्लॉवरचे तुरे किंवा गाजर आणि मटार एकत्र करता येतात, फक्त उकडण्याचा वेळ तुकडा चाखून ठरवावा लागतो. गवारीला हीच रीत चालते, पण ती शिजायला जवळजवळ दुप्पट वेळ घेते आणि तिच्या फोडणीत जिऱ्याऐवजी ओवा चांगला लागतो. दोडका आणि दुधी या कामाच्या भाज्या नाहीत. त्या पाणी सोडतात आणि रात्रीपर्यंत त्यांचा लगदा होतो.

एवढ्यातून भाजी उरलीच तर खोबरे घातलेली भाजी रात्रीच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावी. एकादशीचा उपवास नसलेल्यांनी ती सुरीने आणखी बारीक करून थालीपिठाच्या भाजणीत मळावी, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची असेल तर तव्यावर थोड्या तेलात, चिमूटभर चटणी टाकून, कडा करकरीत होईपर्यंत परतून घ्यावी. त्या वेळी रंगाची चिंता करण्याचे कारण नाही.